जोत्याची उंची कोण ठरवतं?

(लातूर येथे मिस्त्री आणि घर बांधू पाहणारे यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्याकडं घराची मापं ठरवतं कोण? मिस्त्री आणि घरमालक. दोघंही धडधाकट, चाळिशीच्या आतबाहेरचे, एका ढांगेत ओट्यावर चढणारे. घर मग त्यांच्याच पायांना जमेल असं होतं. आजी, पोटुशी सून, रांगतं पोर, अर्धांगवायू झालेले मामा, यांचा हिशोब नंतर. म्हणजे बहुधा कधीच नाही.

जोत्याचंच, म्हणजे घराची फरशी जमिनीपासून जेवढी उचलतात त्या चौथऱ्याचंच घ्या. आपली काळी माती पावसात फुगते, अंगणात चिखल होतो, रस्त्यावर तर दर काही वर्षांनी थरावर थर चढतात. घरात पाणी शिरेल या धास्तीनं जो तो जोतं वर घेतो. शेजाऱ्यानं 3 फूट केलं म्हणून आपण सव्वातीन! पाण्याचं भय खरं आहे, शेजाऱ्याशी चढाओढ फुकटची. आता गणित करा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 धरतात, म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबी. 3 फुटांच्या जोत्याला 36 फूट उतार हवा, मध्ये थांबायला सपाट जागा वेगळी. 20 बाय 30 च्या प्लॉटवर तो मांडायचा कुठं? म्हणून लोक पाच-सहा फुटांची घसरगुंडी बांधून मोकळे होतात. तिच्यावरून मोटारसायकल चढते, माणूस चढत नाही. आधी अंगणाचा ढाळ आणि गटार नीट करा. मग बऱ्याच ठिकाणी जोतं दीड फुटात भागतं, आणि 18 फुटांचा उतार बाजूच्या भिंतीलगत बसतो.

दाराचीही तीच गत. 'तीन फुटी दार' म्हटलं की सुतार बाहेरून 3 फुटांची चौकट आणतो. दोन्हीकडची लाकडं वजा करा, उघड्या पल्ल्याची जाडी वजा करा, वाट उरते अडीच फूट. मार्गदर्शक नियमांत 900 मिलिमीटर, म्हणजे जवळपास 3 फूट, मोकळी वाट सांगितली आहे. तेव्हा चौकट आतून मोजून मागवा. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं ठेवा. आत पडलेलं माणूस दारालाच आडवं येतं, मग बाहेरून ढकलणार कसं? उंबऱ्याला हळदीकुंकू लावायचं तर जरूर लावा; दगडाची पट्टी फरशीच्या पातळीत बसवली तरी पूजेला काही कमी पडत नाही.

नियम लिहिणाऱ्यांना आपला उन्हाळा ठाऊक नसावा. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते याच शहरात. खुर्ची वळायला 5 फुटांचं वर्तुळ मोकळं ठेवा, असं नियम सांगतात. आपल्याकडं नेमक्या त्याच जागी 200 लिटरची दोन पिंपं उभी असतात, बोळात हंडे, दारामागं बादल्या. पाणी साठवणं टळणार नाही. तेव्हा नकाशातच पिंपांसाठी दीड फुटी कट्टा काढा आणि पिंपाला तळाशी नळ बसवा. वाकून तांब्यानं पाणी काढणं म्हातारीला जड, आणि उघड्या पिंपात डोकावणाऱ्या पोराला धोक्याचं.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा मुख्यतः सार्वजनिक इमारतींकडं बघतो. आपल्या न्हाणीत डोकावायला कुणी येणार नाही. पण कायद्यावाचून बांधणी बदलत नाही, असं मला लातुरात तरी कुणी सांगू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीकडच्या गवंड्यांनी दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, सोडलं, जोत्याला नि लिंटेलला, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याला, काँक्रीटचा पट्टा घालायला शिकले. ढिगारे सगळ्यांनी पाहिले होते. न्हाणीत घसरून खुबा मोडलेली आजी मात्र ज्याच्या त्याच्या घरात असते, तिची गावभर चर्चा होत नाही.

घरकुलाच्या 25 चौरस मीटरमध्ये हे सगळं बसणार कुठं, हा प्रश्न येतोच. संडास 3 बाय 4, न्हाणी 4 बाय 4. दोन्हींत खुर्ची शिरत नाही. मधली भिंत काढून 5 बाय 6 ची एकच खोली करा. खुर्ची आत जाते, दार लागतं, विटाही वाचतात. भिंतीवर आधाराचा दांडा, खाली खरखरीत फरशी. संडास घरात नको, असं थोरली माणसं म्हणतात. स्वयंपाकघराला लागून नको, एवढंच बहुतेक वेळा त्यांच्या मनात असतं. दार ओसरीकडून काढलं की तिढा सुटतो.