सिगारेट तीच, यकृत वेगळं

नमस्कार श्रोतेहो.

एकाच टपरीवर, एकाच पाकिटातली सिगारेट ओढणारे दोघे. एकाला दिवसाला आठ पुरतात, दुसऱ्याला वीसही कमी पडतात. आपण म्हणतो, पहिल्याचा मनावर ताबा आहे. असेलही. पण या हिशेबातला मोठा भाग यकृतात मांडला जातो.

धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तात निम्मं उरतं. यकृत त्याचा कोटिनिन नावाचा पदार्थ करून टाकतं. हे काम मुख्यतः एकच विकर, म्हणजे एन्झाइम, करतं, त्याचं नाव सीवायपी-टू-ए-सिक्स. नाव विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा. या विकराचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे बरेच प्रकार आहेत. काहींचं विकर झपाट्यानं काम करतं, काहींचं रेंगाळतं आणि एका प्रकारात तर अख्खं जनुकच गळालेलं असतं. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. हा गळालेला प्रकार जपानी लोकांत अशा दर पाच प्रतींमागे सुमारे एका प्रतीत सापडतो, तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात जेमतेम एक. आफ्रिकी वंशाच्या लोकांत मंद विकराचे दुसरेच प्रकार दिसतात. विकर मंद असलं की निकोटिन रक्तात जास्त वेळ टिकतं आणि पुढच्या सिगारेटची तलफ उशिरा येते. अशी माणसं सरासरीनं कमी ओढतात आणि त्यांना सोडणंही तुलनेनं सोपं जातं.

दुसरी जागा पंधराव्या गुणसूत्रावर आहे. तिथे निकोटिन ज्याला चिकटतं त्या ग्राहीची जनुकं आहेत. त्यांतल्या एका जनुकात एक अक्षर बदललं की मेंदूतला 'आता पुरे' हा इशारा कमजोर पडतो. अशा प्रत्येक प्रतीमागे दिवसाला सुमारे एक सिगारेट वाढते. एकच, म्हणून हसू नका. २००८ साली याच जागेचा फुप्फुसाच्या कर्करोगाशीही संबंध दिसला. याचं एक कारण म्हणजे सिगारेटींचा आकडा तोच राहिला तरी झुरका खोल होतो. हा बदल युरोपीय वंशात सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या प्रतींत असतो, पूर्व आशियात आणि आफ्रिकेत मात्र अगदी थोड्या.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या आणि लॉस एंजेलिसमधल्या १,८३,८१३ लोकांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात दिवसाला तीसपर्यंत ओढणाऱ्यांची तुलना होती. ओढण्याचं प्रमाण सारखं असूनही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा आफ्रिकी-अमेरिकनांना आणि मूळ हवाईवासीयांना जास्त, जपानी-अमेरिकन आणि लॅटिनो लोकांना कमी निघाला. आफ्रिकी-अमेरिकन सरासरीनं कमी सिगारेटी ओढतात, पण प्रत्येकीतून जास्त निकोटिन खेचतात. जपानी-अमेरिकनांचं कोडं मंद विकरानं बरंचसं सुटतं. हवाईवासीयांचं मात्र सुटत नाही. त्यांच्या शरीरात गोऱ्यांपेक्षा जास्त निकोटिन जात नाही, तरी धोका जास्त.

इथे तपासणीतली एक नेहमीची चूक सांगायला हवी. रक्तातलं कोटिनिन मोजून किती ओढता हे ठरवतात. पण कोटिनिन शरीराबाहेर काढणारं वेगळं विकर आफ्रिकी वंशाच्या अनेकांत अधू असतं. त्यांचं कोटिनिन साचतं आणि माणूस ओढतो त्यापेक्षा जास्त ओढणारा ठरतो. यकृत निकोटिन किती झपाट्यानं मोडतं हे पाहायचं असेल तर जाणकार कोटिनिन आणि त्याच्यापासून पुढे बनणारा पदार्थ यांचं गुणोत्तर पाहतात. यकृताचा खरा वेग त्यातून कळतो.

आता कुणी म्हणेल, जपान्यांच्या रक्तातच कमी ओढणं आहे. साफ चूक. साठच्या दशकात जपानमधले ऐंशी टक्क्यांहून जास्त पुरुष ओढत होते. २०१९ साली ते प्रमाण २७ टक्क्यांवर आलं होतं आणि बायकांचं होतं साडेसात टक्क्यांच्या आसपास. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत, आणि नवरा-बायकोचा वंशही वेगळा नसतो. किंमत, कायदा, जाहिरात आणि घरची रीत, ओढायला कोण लागणार हे बहुतेक इथेच ठरतं. लागल्यानंतर किती ओढणार आणि सुटणार कसं, तिथे जनुकांचा शब्द चालतो. २०२२ साली ३४ लाख लोकांच्या अभ्यासात चार वंशगटांची तुलना झाली. बहुतेक जनुकीय बदलांचा परिणाम चारही गटांत जवळपास सारखाच निघाला. तरी जनुकं पाहून काढलेले, युरोपीय माहितीवरून बनवलेले जोखमीचे गुणांक इतरांवर नीट चालत नाहीत, कारण बदलांचं प्रमाण आणि त्यांच्या शेजारची जनुकीय रचना वेगळी असते. तेव्हा जाहिरात पाहून अशी जोखीम सांगणारी जनुकीय चाचणी मागवू नका.

उपचारात मात्र या ज्ञानाचा उपयोग दिसला आहे. २०१५ च्या एका चाचणीत १,२४६ जणांचा यकृताचा वेग आधी मोजला. वेग सर्वसाधारण असलेल्यांना सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लीन या औषधाची गोळी कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडली. मंद वेगाच्या लोकांत दोन्ही सारख्याच ठरल्या, पण गोळीचा त्रास जास्त झाला.

आपल्याकडे सिगारेट सोडण्यासाठी चावायच्या निकोटिनच्या गमचा वापर बराच आहे आणि तो चुकतोही बराच. पान चघळावं तसा गम सतत चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून थेट यकृतात पोचतं आणि तेच विकर मेंदूत जाण्याआधी त्यातलं बरंचसं संपवतं. हाती लागते ती उचकी आणि मळमळ. म्हणून हळू चावा, तिखट झणका जाणवला की गालाच्या कडेला ठेवा, झणका गेला की पुन्हा चावा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी नको, कारण आम्लामुळे तोंडाच्या अस्तरातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर चार मिलिग्रॅमचा गम, नाहीतर दोनचा. हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू-चुना किंवा मशेरीतलं निकोटिनही याच यकृतात येतं, त्यामुळे ज्यांना ती सवय सोडायची असेल त्यांनीही मदत विचारायला हरकत नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा मोफत क्रमांक लिहून घ्या: १८००-११-२३५६. नमस्कार.