खुर्ची मिळाली, पुढे काय?

नमस्कार, श्रोतेहो.

विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा वाटा, हा आजचा विषय. प्रतिनिधी निवडणुकीने यावा की नेमणुकीने, यावरचे वाद तुम्ही भरपूर ऐकले असतील. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या गोष्टींबद्दल. प्रतिनिधी सभागृहात जाऊन बसला, समोर पाण्याची बाटली आणि कागदांचा गठ्ठा आला, मग काय होतं?

पण आधी जरा मागे जाऊ. चांगलंच मागे, बाराव्या-तेराव्या शतकात.

इटलीतल्या बोलोन्या शहरात कायदा शिकायला युरोपभरातून विद्यार्थी येत. पोरंसोरं नव्हेत, बरीचशी जाणती आणि पैसा बाळगून असलेली माणसं. परक्या शहरात त्यांना नागरिकाचे हक्क नव्हते आणि घरमालक भाडी वाढवत. म्हणून त्यांनी आपापल्या मुलखानुसार संघ बांधले. या संघांतूनच तिथलं विद्यापीठ उभं राहिलं. त्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, हा विद्यार्थीच असे आणि प्राध्यापकांना त्याच्यासमोर आज्ञापालनाची शपथ घ्यावी लागे. तास उशिरा सुरू केला, दंड. घंटा झाल्यावरही शिकवत राहिले, दंड. अवघड भाग गाळून पुढे गेले, तरी दंड. व्याख्यानाला पाच श्रोतेसुद्धा जमले नाहीत, तर गुरुजींचीच गैरहजेरी लागे! हे ऐकून आज कोणाच्या अंगावर काटा येईल आणि कोणाच्या तोंडाला पाणी सुटेल, ते सांगायला नको.

ही सत्ता गेली ती मात्र दंगाधोपा होऊन नाही गेली. सुरुवातीला प्राध्यापकांचं मानधन विद्यार्थी आपसांत पैसे जमवून देत. पुढे शहराने पगार द्यायला सुरुवात केली. पगार शहराचा म्हटल्यावर नेमणुकाही शहराच्या हातात गेल्या आणि विद्यार्थ्यांचे नियम हळूहळू कागदावरच राहिले. पॅरिसचं विद्यापीठ तर मुळातच अध्यापकांचा संघ होता, आणि पुढची बरीच विद्यापीठं त्याच वळणावर गेली. विद्यार्थी कारभारातून जवळजवळ बाहेरच पडला.

तो परत आत आला विसाव्या शतकात. 1918 साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबा विद्यापीठात विद्यार्थ्यांनी जुनाट कारभाराविरुद्ध आवाज उठवला. 15 जूनला रेक्टरच्या निवडणुकीत जुन्या गटाचाच माणूस निवडून आला, तेव्हा विद्यार्थी सभागृहात घुसले आणि त्यांनी संप पुकारला. त्यांच्या मुख्य मागण्यांत सहकारभाराची मागणी होती. म्हणजे विद्यापीठ ज्या मंडळांकडून चालतं, त्या मंडळांत आम्हालाही मत हवं. ही कल्पना लॅटिन अमेरिकेत झपाट्याने पसरली आणि तिथल्या कितीतरी सार्वजनिक विद्यापीठांत आजही विद्यार्थी मतदानाच्या हक्काने बसतात. फ्रान्समध्ये त्यासाठी 1968 उजाडावं लागलं. मे महिन्यात रस्ते पेटले आणि नोव्हेंबरात कायदा झाला, विद्यापीठांच्या परिषदांमध्ये विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या.

आता जर्मनीतली एक गोष्ट, कारण मला ती या सगळ्यात फार शहाणपणाची वाटते. तिथे प्राध्यापक, सहायक आणि विद्यार्थी या सगळ्या गटांना मंडळांत स्थान देण्याची पद्धत सुरू झाली होती. तिला आव्हान मिळालं आणि 29 मे 1973 रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला. विद्यार्थ्यांनी कारभारात बसण्याला हरकत नाही, पण संशोधनाचे आणि प्राध्यापकांच्या नेमणुकीचे प्रश्न येतील तेव्हा निर्णायक वजन प्राध्यापकांचं हवं, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे विद्यार्थ्याचं मत किती मोलाचं, हे समोरच्या विषयावर ठरतं. संशोधनाचा प्रबंध कसा तपासावा हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ठरवू नये, हे कोणीही मान्य करेल. पण परीक्षेचं वेळापत्रक, वसतिगृहाचे नियम, ग्रंथालयाच्या वेळा, पुनर्मूल्यांकनाचा निकाल किती दिवसांत लागावा, हे प्रश्न आले की त्या सभागृहातला खरा जाणकार विद्यार्थीच असतो. त्याचे चटके त्याला बसलेले असतात.

बरं, खुर्ची मिळाली. आता त्या कागदांच्या गठ्ठ्याकडे येऊ.

सभेची विषयपत्रिका आणि तिच्यासोबतची टिपणं मिळून दीड-दोनशे पानं सहज होतात, आणि ती हातात पडतात कधीकधी आदल्या संध्याकाळी. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. नवा प्रतिनिधी या विषयाला मान डोलावतो, कारण मागच्या सभेला तो नव्हताच. शुल्कवाढीचा विषय कुठेतरी मध्ये असतो, आणि त्याचं शीर्षक असतं 'वित्त समितीच्या शिफारशींची नोंद घेणे'. शुल्क हा शब्दच त्यात नसतो. तो असतो परिशिष्टात, एका कोष्टकाच्या चौथ्या रकान्यात. आणि अगदी शेवटी, सगळे घड्याळाकडे बघू लागले की येतात 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. त्या दहा मिनिटांत काय काय मंजूर होऊन जातं, हे मुरलेल्या सभासदांना विचारा.

यात दरवेळी कोणाचा डाव असतो असं नाही. कार्यालयाची ती रीतच असते. पण रीत ज्याला माहीत, त्याचं पारडं जड. कुलसचिवांच्या कार्यालयात पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं असतात. कोणता ठराव कधी झाला, कोणत्या परिपत्रकाने तो फिरवला गेला, हे त्यांना तोंडपाठ असतं. प्रतिनिधीची मुदत असते जेमतेम एक वर्ष. त्यातले दोन-तीन महिने प्रक्रियेत जातात, दोन परीक्षेत. कामकाज कळू लागतं न लागतं तोवर निरोप समारंभ.

भारतात विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली लागू केल्या. पैसा आणि गुंडगिरी यांना आळा घालणं हा त्यांचा रोख होता आणि तो योग्यच होता. त्यात एक अट अशी की, पदाधिकाऱ्याच्या जागेसाठी उमेदवाराला एकदाच उभं राहता येईल. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणारे पुढारी त्यामुळे थोपवता येतात, खरं आहे. पण अनुभवी माणूसही त्याच दारातून बाहेर जातो. याच्या उलट स्कॉटलंड. तिथल्या जुन्या विद्यापीठांत रेक्टर तीन वर्षांसाठी निवडतात. 1972 साली एडिनबरा विद्यापीठात गॉर्डन ब्राउन, म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते, विद्यार्थी असतानाच रेक्टर झाले आणि विद्यापीठाच्या सर्वोच्च कारभारी मंडळाच्या अध्यक्षपदी बसले. त्यांना त्या खुर्चीवरून हटवण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. तीन वर्षांत माणूस कागद वाचायला शिकतो. त्याच देशात ग्लासगोच्या विद्यार्थ्यांनी 2014 साली एडवर्ड स्नोडेन यांना, म्हणजे अमेरिकी सरकारची छुपी पाळत उघड करणाऱ्यांना, रेक्टर निवडलं. ते तेव्हा रशियात आश्रयाला होते. निषेध म्हणून ते ठीकच होतं, पण मंडळाच्या बैठकीला रेक्टर येणार नव्हते हे उघड होतं. कसलं तरी प्रतीक हवं की वसतिगृहाची गळती बंद व्हायला हवी, हे मतदारांनी एकदा आपल्याशी ठरवावं.

आता इतिवृत्ताबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मला विचाराल तर प्रतिनिधीचं निम्मं काम तिथे आहे. समजा शुल्कवाढीवर तुम्ही वीस मिनिटं तावातावाने बोललात. बाहेर मित्रांनी टाळ्या दिल्या. महिन्याने इतिवृत्त आलं आणि त्यात ओळ होती, 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन प्रस्ताव एकमताने मंजूर करण्यात आला.' एकमताने! त्यात तुम्हीही आलात. पुढच्या वर्षी कोणी न्यायालयात गेलं किंवा शासनाकडे तक्रार केली, तर पुढे येणार तो हाच कागद. त्याऐवजी सभेतच उठून म्हणायचं, 'माझा विरोध कारणांसह इतिवृत्तात नोंदवावा', आणि त्याच दिवशी अर्धं पान लिहून सचिवांकडे द्यायचं, पोच घ्यायची. भाषण पाच मिनिटांचं झालं तरी चालेल, पोच मात्र हवीच. आणि पुढच्या सभेत तो पहिला कंटाळवाणा विषय आला, की नोंद तशीच उतरली आहे का ते वाचून मगच मान डोलवायची.

युरोपच्या शिक्षणमंत्र्यांनी 1999 साली उच्च शिक्षणाचा मोठा करार केला तो नेमका बोलोन्यातच, आणि तिथे सह्या होत्या मंत्र्यांच्या. 2001 साली प्रागच्या बैठकीत विद्यार्थी हे उच्च शिक्षणाच्या परिवाराचे पूर्ण सभासद असल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या संघटना बैठकांची दारं ठोठावत, मसुदे वाचून त्यावर लेखी मतं पाठवत राहिल्या होत्या. हे काम बातमीत येत नाही, त्याला घोषणाही नसतात.

म्हणून जे आज प्रतिनिधी आहेत किंवा होऊ घातले आहेत, त्यांना एवढंच सांगेन. पद हातात आल्यावर सत्काराच्या आधी मागच्या प्रतिनिधीला फोन करा. त्याचे कागद मागा. त्याच्याकडे नसतील, तर कार्यालयाकडे गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं लेखी अर्जाने मागा. तो तुमचा हक्क आहे आणि अर्ज पाहिल्यावर कार्यालयालाही कळतं की या वेळी कोणीतरी वाचणारं आलंय. मग एक वही घाला. कोणता विषय कोणत्या समितीत अडकला, कोणत्या अधिकाऱ्याने काय आश्वासन कोणत्या तारखेला दिलं, कोणती पोच कुठे ठेवली. जाताना ती वही पुढच्याच्या हातात द्या, मग तो तुमच्या विरोधी गटातून निवडून आलेला का असेना. खरं तर तेव्हा तर द्याच. शुल्कवाढ गट बघून होत नाही.

नमस्कार.