तीन कामं, तीन वह्या

इथे बसलेल्या बऱ्याच जणी उद्योगांना सल्ला देतात, आठवड्यातून काही तास शिकवतात आणि एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही आहेत. तिन्ही जमतं कसं, हा प्रश्न त्यांना सतत विचारला जातो. माझं म्हणणं असं की या तिन्ही कामांचा उगम एकच आहे: माणसं आपल्या कामात नेमकी कुठे अडतात ते बारकाईनं बघणं. पण वेळ, पैसा आणि गोपनीयता यांच्या वह्या तिन्ही कामांसाठी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर एक काम दुसऱ्याला खातं.

हा संगम नवा नाही. अमेरिकन समाजकार्यकर्त्या मेरी पार्कर फॉलेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये शाळांच्या इमारती संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसाठी खुल्या करून घेतल्या. भांडणाऱ्या समित्या सांभाळताना त्या जे शिकल्या, तेच १९२०च्या दशकात त्यांनी उद्योगांतल्या व्यवस्थापकांपुढे मांडलं. त्यांचं खिडकीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ग्रंथालयातल्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला मोकळी हवा मिळाली आणि फॉलेटच्या अंगावर थेट वारा आला नाही. ही तडजोड नव्हे. तडजोडीत दोघंही काहीतरी सोडतात. इथे आधी विचारलं गेलं की खिडकीपासून तुम्हाला नेमकं काय हवंय. सल्लागार, शिक्षिका आणि अध्यक्षा या तिघींचं निम्मं कौशल्य या एका प्रश्नात आहे.

दुसरं उदाहरण पतीबरोबर उद्योगांना सल्ला देणाऱ्या अमेरिकन अभियंत्या लिलियन गिलब्रेथ यांचं. १९२४ साली पती वारल्यावर काही कंपन्यांनी करार पुढे चालवले नाहीत. त्यांनी कंपन्यांच्या माणसांसाठी घरीच प्रशिक्षणवर्ग सुरू केले आणि त्या वर्गांतून सल्ल्याचं काम पुन्हा उभं राहिलं. १९३५मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. ज्यांना अजून क्लायंट मिळत नाहीत त्यांनी हे ध्यानात ठेवावं: शिकवणं हा जोडधंदा असेलच असं नाही, कित्येकदा तेच पहिलं दार असतं.

आता वेळेची वही. वर्षाचे ५२ आठवडे, पाच दिवसांचा आठवडा धरला तर २६० दिवस. सुट्ट्या, आजारपण, घरची अडीअडचण यांचे ४० वजा करा, उरले २२०. शिकवण्याचे तयारीसकट ४०, संस्थेचे ३०, नवी कामं मिळवणं, प्रस्ताव लिहिणं, हिशेब ठेवणं यांचे ४०. म्हणजे ज्यांचे पैसे मिळतील असे दिवस ११०. वर्षाचा खर्च आणि हवं असलेलं उत्पन्न यांच्या बेरजेला ११०नं भागायचं. बहुतेक जणी २२०नं भागतात, फी निम्मी लावतात आणि मग दमछाक झाली की शिकवणं सोडून देतात. आणखी एक गोष्ट: नवा विषय शिकवताना तासाला तीन ते चार तास तयारी धरा. तोच विषय पुढच्या वर्षी शिकवला की ती निम्म्यावर येते. म्हणून दर वर्षी नवा विषय घ्यायला नाही म्हणावं.

पैशाची वही करारापासून सुरू होते. सल्ल्याच्या करारात पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: काय द्यायचं, काय द्यायचं नाही, क्लायंटनं कोणती माहिती कधीपर्यंत पुरवायची, अहवालात किती वेळा दुरुस्त्या होतील आणि काम संपलं हे कशावरून ठरेल. यातली दुसरी बहुतेकदा राहून जाते. मग "एवढं जरा बघून द्या ना" असं करत करत काम दीडपट होतं. अशी मागणी आली की त्याच दिवशी एका ओळीचं पत्र पाठवावं: हे मूळ कामात नव्हतं, याला दोन दिवस जास्त लागतील, करायचं का? उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही.

गोपनीयतेची वही सर्वांत नाजूक. क्लायंटचं काम वर्गात उदाहरण म्हणून न्यायचं तर लेखी परवानगी हवीच. पण नाव बदलून भागत नाही, आकडेही झाकावे लागतात. समजा, ६० कामगारांचा कारखाना आहे आणि तुम्ही सगळ्या एकूण रकमांना ०.७नं गुणलं. नग आणि कामगारही त्याच पटीत कमी करायला हवेत. कामगार ४२ व्हायला हवेत. ते ६०च ठेवले तर दरडोई उत्पादन ३० टक्क्यांनी घसरलेलं दिसतं, विद्यार्थी "माणसं जास्त आहेत" असा निष्कर्ष काढतात आणि सगळी चर्चा मूळ कारखान्यात नसलेल्या दुखण्यावर जाते. टक्केवारी, व्याजाचा दर, उधारीचे दिवस मात्र जसेच्या तसे ठेवायचे. त्या व्यवसायात दोन-तीनच कंपन्या असतील तर कितीही झाकलं तरी ओळख पटते. ते उदाहरण वापरूच नये.

वर्गात सल्लागारांची हमखास एक चूक होते: उत्तर लवकर सांगून टाकणं. क्लायंट उत्तरासाठी पैसे देतो, विद्यार्थ्याला ते शोधायची सवय लागायला हवी. ९० मिनिटांचा तास असेल तर पहिली १० मिनिटं नुसतं वाचन, मग २५ मिनिटं जोडीनं काम, तोवर शिक्षिकेनं बोलायचं नाही. ही २५ मिनिटं फार जड जातात, पण खरं शिकणं तिथेच होतं.

संस्थेच्या कामात स्वयंसेवकांना अहवाल देऊन काही हलत नाही. ते पगारी नाहीत, पटलं तरच करतात. आणि बाई सभेत असली की इतिवृत्त तिनंच लिहायचं, हे बहुतेकदा न बोलता ठरलेलं असतं. पहिल्याच सभेत पाळी लावून घ्या. लिहिणारी व्यक्ती चर्चेत निम्मीच असते.

आपल्या क्लायंटशी संबंधित विषय सभेपुढे आला तर तो सुरू होण्याआधी हितसंबंध जाहीर करायचा, खोलीबाहेर जायचं आणि दोन्हींची इतिवृत्तात नोंद करून घ्यायची. मत न देता नुसतं बसून राहणं पुरत नाही, कारण इतर जण तुमच्याकडे बघून शब्द तोलतात. तुम्ही उठल्यावर गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, राहते का, हे आदल्या दिवशीच सचिवांकडून बघून घ्या. नाहीतर त्या विषयावरच्या ठरावाला पुढे आव्हान दिलं जाऊ शकतं.

अध्यक्षपद सोडायची तयारी मुदत संपायच्या सहा महिने आधी सुरू करावी. तेव्हापासून सभा उपाध्यक्षांनी चालवायच्या, तुम्ही शेजारी बसायचं. बँकेतल्या सह्या बदलायला वेळ लागतो, तो ठराव सगळ्यात आधी करून घ्या. मग पासवर्ड, किल्ल्या, चालू करारांची यादी, देणगीदारांशी काय बोलणं झालंय त्याच्या नोंदी हे सगळं खजिनदार आणि सचिवांसमोर सोपवून त्यांची सही घ्यायची. त्यानंतरच्या पहिल्या तीन सभांना जाऊ नका. तुम्ही खोलीत असाल तर प्रश्न नव्या अध्यक्षांना न विचारता तुम्हालाच विचारले जातात.