दोन सेकंदांचा खेळ : भारतीय हॉकीच्या आठवणीतले पेनल्टी कॉर्नर

(दृश्य: टोकियो, रिकामं निळं टर्फ, पाण्याचे फवारे)

5 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिंपिक, कांस्यपदकाचा सामना. भारत 5, जर्मनी 4. घड्याळात जेमतेम सहा सेकंद उरलेले, आणि पंचांनी जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बॅकलाइनवरून चेंडू ढकलून गोलवर चाल करायची संधी, दिलेला.

ज्यांना नियम ठाऊक नव्हते त्यांना वाटलं, सहाच तर सेकंद, संपलंच. ज्यांना ठाऊक होते त्यांच्या पोटात गोळा आला. कारण हूटर वाजला तरी दिलेला पेनल्टी कॉर्नर पुरा होईपर्यंत सामना संपत नाही. घड्याळ इथे कुणाच्याच मदतीला येत नाही.

चेंडू बॅकलाइनवरून, म्हणजे गोलच्या ओळीतल्या मैदानाच्या शेवटच्या रेषेवरून, निघाला, थांबवला गेला, जर्मनीच्या विंडफेडरने फ्लिक मारली, म्हणजे तो स्टिकने ओढून गोलकडे भिरकावला. भारताचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेशने ती फ्लिक अडवली. मॉस्को 1980 नंतर, 41 वर्षांनी, भारताला ऑलिंपिक हॉकीचं पदक मिळालं. थोड्याच वेळात श्रीजेश गोलपोस्टच्या वर चढून बसला होता.

भारतीय हॉकीचा जुना चाहता बोलायला लागला की ध्यानचंदांच्या स्टिकला चिकटलेला चेंडू, मोहम्मद शाहिदचं ड्रिबलिंग, खडकीच्या धनराज पिल्लेची धाव, हे आधी येतं. ते खरंच आहे. पण त्याला सामन्याचा निकाल कशावर लागला ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं: शॉर्ट कॉर्नर. जुनी मंडळी पेनल्टी कॉर्नरला अजूनही शॉर्ट कॉर्नरच म्हणतात.

(दृश्य: गवताचं मैदान, कृष्णधवल)

मेलबर्न ऑलिंपिक, 1956. कर्णधार बलबीर सिंग यांचं बोट मोडलेलं. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध एकच गोल झाला, रणधीर सिंग जेंटल यांचा, शॉर्ट कॉर्नरवर. टोकियो 1964, पुन्हा पाकिस्तान. पृथीपाल सिंग यांचा कॉर्नरवरचा फटका गोलरेषेवर बचावपटूच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असलेला थेट शॉट, मिळाला आणि मोहिंदर लाल यांनी तो जाळ्यात घातला. सामना 1-0.

क्वालालंपूर, 1975चा विश्वचषक. उपांत्य सामन्यात मलेशिया 2-1 ने पुढे, वेळ संपत आलेली. मायकेल किंडो यांच्या जागी अस्लम शेर खान यांना उतरवलं गेलं. कॉर्नर मिळाला, त्यांनी गळ्यातल्या ताविजाला ओठ लावले आणि बरोबरीचा गोल मारला. जादा वेळेत हरचरण सिंग यांच्या गोलने भारत 3-2 ने जिंकला. अंतिम सामन्यात पाकिस्तानने आधी गोल केला. बरोबरी साधली सुरजित सिंग यांनी, तीही पेनल्टी कॉर्नरवर. विजयी गोल अशोक कुमार यांचा. पोस्टला लागून बाहेर आलेला तो चेंडू रेषेच्या आत गेला होता की नाही, हा वाद आजही कुणी उकरून काढला की तासभर पुरतो.

त्या काळचा कॉर्नर वेगळा होता. एक जण चेंडू आत ढकलायचा, दुसरा तो चक्क हाताने थांबवायचा आणि तिसरा स्टिक उचलून फटका लगावायचा. गवतावर चेंडू सरळ येईल याची खात्री नसे. एखाद्या खळग्यावरून उडाला की हात चुकायचा आणि कॉर्नर वाया. गोलच्या आतली लाकडी फळी 460 मिलिमीटर उंचीची. तिच्यावर चेंडू आदळला की जो ‘टक्क’ आवाज यायचा, तो ऐकूनच गोल झाल्याचं कळायचं.

मग 1976 साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली. भारत सातवा आला. टर्फने आपली मनगटी कलाकारी मारली, हे वाक्य आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ते अर्धंच खरं आहे. टर्फवर चेंडू उडत नाही, सरळ घरंगळत येतो. म्हणजे तो अचूक थांबवता येतो. म्हणजे कॉर्नर गवतापेक्षा कितीतरी घातक होतो. हे इतर देशांनी लवकर ओळखलं, आपण उशिरा. 1980च्या दशकात हाताने चेंडू थांबवणं बंद झालं, आणि 1990च्या दशकात ड्रॅग फ्लिकने सगळंच बदललं.

(दृश्य: वरून दिसणारी डी, खेळाडू जागा घेताहेत)

आता कॉर्नर नीट पाहू.

डी म्हणजे गोलभोवतीचं वर्तुळ. त्याची रेषा गोलपासून 14.63 मीटरवर. गोल 3.66 मीटर रुंद, 2.14 मीटर उंच. चेंडू आत ढकलणारा पुशर जवळच्या पोस्टपासून किमान 10 मीटरवर, बॅकलाइनपाशी, एक पाय तरी मैदानाबाहेर ठेवून उभा राहतो. त्याचे बाकीचे साथीदार डीच्या बाहेर. बचाव करणारे गोलरक्षकासह फक्त पाच जण बॅकलाइनच्या मागे, उरलेले सहा मध्यरेषेच्या पलीकडे. तयारीला 40 सेकंद.

नियम असा की चेंडू डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोल होत नाही. म्हणून चेंडू थांबवणारा स्टॉपर डीच्या रेषेच्या थोडं बाहेर स्टिक जवळजवळ आडवी टेकवून बसतो. त्याचं काम सर्वांत कंटाळवाणं दिसतं आणि तिथेच सर्वाधिक कॉर्नर बिघडतात. चेंडू पूर्ण मेला पाहिजे. तो वीतभर जरी सरकला तरी फ्लिकरचं पाऊल चुकतं, आणि पाऊल चुकलं की फ्लिक गोलरक्षकाच्या पॅडवर.

आता फ्लिकर. डावा खांदा गोलकडे. उजवा पाय चेंडूजवळ पडतो, कंबर खाली जाते आणि डावा पाय लांब पुढे झेपावतो. चेंडूवर फटका नसतोच. तो उजव्या पायाच्या मागून स्टिकच्या दांड्यावर उचलला जातो, हूककडे, म्हणजे स्टिकच्या वळलेल्या टोकाकडे, घसरत पुढे ओढला जातो आणि डाव्या पायाच्या पुढे मनगटाच्या झटक्याने सुटतो. स्टिकचा बाक नियमाने 25 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणून फ्लिकर तो शक्य तितका खाली असलेली स्टिक वापरतात. चेंडू दांड्यावर जितका जास्त वेळ, तितका वेग जास्त.

आणि मुख्य फायदा हा: कॉर्नरवरचा पहिला शॉट फटका असेल तर तो गोलरेषेवर 460 मिलिमीटरच्या वर चालत नाही. फ्लिकला ती मर्यादा नाही. म्हणजे वरचे दोन्ही कोपरे मोकळे. पाकिस्तानचा सोहेल अब्बास याच जोरावर वर्षानुवर्षं संघांना छळत राहिला. आपल्याकडे जुगराज सिंग, मग संदीप सिंग, रुपिंदरपाल सिंग आणि आता हरमनप्रीत सिंग.

समोरून धावत येतो तो पहिला रशर. हातमोजे, चेहऱ्यावर मास्क, गुडघ्यांवर पॅड. पुशरने चेंडू हलवला की हा सुटतो. आधी सुटला तर पंच त्याला मध्यरेषेपलीकडे धाडतात, बदली मिळत नाही, चौघांनीच बचाव करायचा. तो वेळेत पोचला तर फ्लिकरला एक बाजू बंद होते. कोणती बाजू त्याची आणि कोणती गोलरक्षकाची, हे आधीच ठरलेलं असतं. त्याने ओळ सोडली की गोलरक्षकाचा अंदाज फसतो. पाच मीटरच्या आत आल्यावर चेंडू त्याच्या गुडघ्याखाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर. सरळ उभ्या धावेत गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर शॉट धोकादायक ठरतो आणि फ्री हिट बचावाला. ढकलल्यापासून फ्लिक सुटेपर्यंतचा हा सगळा खेळ दोन सेकंदांच्या आतला.

टोकियोतल्या त्या सामन्याकडे या नजरेने पाहा. भारताच्या पाच गोलांपैकी हार्दिक सिंगचा गोल कॉर्नरच्या रिबाउंडवर, हरमनप्रीतचा थेट कॉर्नरवर, रुपिंदरचा पेनल्टी स्ट्रोकवर. जर्मनीचा चौथाही कॉर्नरवर.

मॉस्को आणि टोकियोमधली वर्षं फार रेंगाळण्यासारखी नाहीत. सिडनी 2000 मध्ये पोलंडने अखेरच्या क्षणांत बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली. 2008 साली सँटियागोत ब्रिटनकडून हार, ऑलिंपिकची पात्रताच गेली. लंडन 2012 मध्ये बारावा, म्हणजे शेवटचा क्रमांक.

(दृश्य: पॅरिस, कोलोंब, इव्ह-दू-मानोआर स्टेडियम)

पॅरिस 2024. उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. तिथून पुढे दहा जण. सामना 1-1, शूटआउट 4-2. सगळे शूटआउटचं कौतुक करत होते, पण जाणकार दुसऱ्याच हिशेबात होते: रोहिदास आता उपांत्य सामन्याला नाही. तो भारताचा पहिला रशर. समोर जर्मनी, आणि जर्मनीकडे गोन्झालो पेइया, जो 2016 मध्ये अर्जेंटिनाकडून सुवर्ण जिंकलेला निष्णात फ्लिकर. पेइयाने कॉर्नरवर गोल मारलाच. भारत 2-3 ने हरला. रोहिदास असता तर, हा प्रश्न चाहते अजून चघळतात.

8 ऑगस्टला कांस्यपदकासाठी स्पेन. रोहिदास परतलेला. पेनल्टी स्ट्रोकवर स्पेनने आघाडी घेतली. मध्यंतराच्या तोंडावर हरमनप्रीतने कॉर्नरवर बरोबरी केली आणि मध्यंतरानंतर लगेच दुसऱ्या कॉर्नरवर 2-1. त्या स्पर्धेतले त्याचे गोल दहा, सर्वांत जास्त.

शेवटच्या मिनिटात स्पेनला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पाच जण बॅकलाइनमागे गेले. मास्क चढले. श्रीजेशचा हा अखेरचा सामना होता, तो त्याने आधीच जाहीर केला होता. चेंडू निघाला, थांबला, आणि जाळ्यापर्यंत पोचला नाही.

सहाच दिवसांनी हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातली श्रीजेशची 16 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली.