आधी हाक मारून बघा

श्रोतेहो, नमस्कार. घरात लेक आली की पेढे वाटून होतात न होतात तोच नावाचा शोध सुरू होतो. नाव हवं आगळंवेगळं, दुसऱ्या कुणाचं नसलेलं. मग मोबाईलवर याद्या चाळायच्या, आणि यादी सगळ्यांची तीच! म्हणून बालवाडीत एका रांगेत मायरा, कियारा, समायरा बसलेल्या दिसतात. माझं सांगणं एवढंच, नाव पक्कं करण्याआधी हाक मारून बघा. अंगणातून, जिन्यावरून, चांगली मोठ्यानं हाक मारून बघा.

माझ्या भाचीच्या लेकीचं बारसं सांगते. बाळाचं नक्षत्र अनुराधा, दुसरं चरण, म्हणजे अक्षर आलं ‘नी’. त्यावरून काही सुचेना, म्हणून आईबाबांनी नुसता ‘न’ धरून नायरा ठरवलं. पाळण्यामागच्या पाटीवर झेंडूच्या फुलांची अक्षरं, वर ओढणी झाकलेली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्यानं कुर्र करून बाळाच्या कानात नाव सांगितलं, ओढणी निघाली. पणजीबाईंना ऐकू कमी. त्या म्हणाल्या, “काय ठेवलं गं?” आत्यानं सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा पणजी म्हणाल्या, “अगं, मला हाक मारायचीय पोरीला. माझ्या जिभेवर बसेल असं काही सांगा की!”

भाचीचं माहेर लोणंदकडचं. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालतात, तेव्हा लहानपणी ही आजीचं बोट धरून काठावर उभी असायची. ती एकदम म्हणाली, “आजी, नीरा म्हणा.” पणजींनी तिथल्या तिथे हाक मारली, “नीराऽऽ!” जावईबापूंनी मान हलवली. बाळाच्या मामानं पाटीवरचा ‘य’ सोडवला, राहिलं ‘नारा’. मग त्याच फुलांची ‘ना’च्या डोक्यावर वेलांटी काढली. झालं नीरा! अक्षरही जुळलं. आणि घुगऱ्या काय सुरेख होत्या! हल्ली हॉल घेतात, डीजे लावतात, एवढंसं बाळ त्या आवाजानं दचकतं. मला हे मुळीच पटत नाही.

आपल्याकडे वेण्णा आहे, प्रवरा आहे, इंद्रायणी आहे. मुक्ता, जनी, सोयरा आहेत. चोखोबांच्या सोयराबाईंनी स्वतः अभंग रचले, लेकीनं उद्या विचारलं, “माझं नाव असं का?” तर सांगायला केवढं काही आहे!

नाव जन्मभर बोचूही शकतं. मुलाची वाट बघताना मुलगी झाली की नाव ठेवायचं नकुशी, आणि शाळेत रोज त्याच नावानं तिची हजेरी. सातारा जिल्ह्यात २०११ साली समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. मुलींनी ती स्वतः निवडली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता कागदपत्रांचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांच्या आत शुल्क न भरता. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तेव्हा हे चारही शब्द सलग, मोठ्यानं म्हणून बघा. नमस्कार.