जुन्या गाडीचा फ्युएल पंप: सगळी असेंब्ली नको, नुसती मोटर बदला

नमस्कार मंडळी. आधी एक आवाज ऐका.

(चावी 'ऑन'. सेल्फ मारत नाही. मागच्या सीटखालून दोन सेकंद 'घूंऽऽ' असा आवाज येतो आणि थांबतो.)

ऐकू आला? हा फ्युएल पंप. चावी फिरवल्याबरोबर तो लाईनमध्ये पेट्रोलचा दाब तयार करतो आणि गप्प बसतो. सेल्फ मारला, इंजिन फिरायला लागलं, की पुन्हा सुरू होतो. गाडी दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुनी असेल, तर हा आवाज कानाला ओळखीचा करून घ्या. रोज सकाळी रेडिओ लावायच्या आधी दोन सेकंद ऐकायचा. आवाज बदलला, घरघरायला लागला किंवा आलाच नाही, तर गाडी तुम्हाला आधीच सांगत असते.

माझ्या गाडीनेही सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. ही बाबांची 2004 ची सँट्रो. महिनाभर मागून बारीक कुईं आवाज यायचा. मला वाटायचं, सीटचा असेल. मग एका सकाळी आईला डोळे तपासायला भांडुपहून परळला घेऊन निघालो होतो. विक्रोळी, घाटकोपर व्यवस्थित पार पडलं. अमर महलच्या पुलावर चढताना गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पिकअप येण्याऐवजी आणखीच मान टाकायची. पुलाच्या मध्यावर बंद पडली. मागून बस, डाव्या बाजूला डंपर, आणि आई शांतपणे विचारतेय, "पेट्रोल संपलं का रे?" त्या दहा मिनिटांत मला जो घाम फुटला, त्यामुळेच हा व्हिडिओ करतोय. कुणाच्या आईवर तशी वेळ येऊ नये.

गाडी टो करून एका गॅरेजला नेली. बॉनेट उघडून पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं, "पंप गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, 6,800 रुपये." मीटर लावला नाही, दाब मोजला नाही, फ्यूजसुद्धा काढून बघितला नाही. पंप खरंच खराब होता, हे मला नंतर कळलं. पण खराब फक्त पंपच नव्हता. त्यांनी 6,800 घेऊन नवी असेंब्ली टाकली असती, तर तीही लवकरच दमली असती. का, ते सांगतो. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

त्याआधी पंप असतो कसा आणि असेंब्ली म्हणजे काय, ते बघू.

(जुनी मोटर हातात.)

हा एवढासा नळकांडीसारखा भाग, म्हणजे मोटर. एमपीएफआय गाड्यांत, म्हणजे इंजिनात इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत, ही पेट्रोलच्या टाकीत बुडलेली असते. विजेवर चालणारी मोटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलीय हे ऐकून पहिल्यांदा सगळेच दचकतात. पण पेट्रोल पेटायला हवा लागते, आणि मोटरच्या आत हवा नसते, नुसतं पेट्रोल असतं. ते पेट्रोलच तिला थंड ठेवतं आणि वंगणाचं कामही करतं. म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवली की पंप तापतो. आपल्याकडे शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून आठवडा काढायची सवय फार आहे. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास रखडलेली गाडी, खालून डांबराची धग आणि टाकीत तीन लिटर पेट्रोल, यात पंपाचं आयुष्य झिजतं. टाकी पाव भरलेली असली तरी पुरे. तेवढीच सवय बदला.

मोटरच्या खाली ही जाळी. टाकीच्या तळाचा गंज, कचरा, पाणी पहिल्यांदा हिच्याकडे येतं. जाळी चोंदली की मोटरला जास्त जोर लावून ओढावं लागतं. आणि या दोन्ही गोष्टी ज्यात बसतात तो प्लास्टिकचा सांगाडा, त्याच्यावरचं झाकण, पेट्रोलच्या काट्यासाठीचा तरंगता फ्लोट, हे सगळं मिळून असेंब्ली. आता तुम्हीच बघा, या सांगाड्यात झिजण्यासारखं काय आहे? झिजते ती मोटर. तडा गेला नसेल, फ्लोट काटा बरोबर दाखवत असेल, तर सांगाडा बदलायचं कारणच नाही. पैसे इथे वाचतात.

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्टर यायच्या आधीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. आपल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी आठवतात? ऑक्टोबर 2023 मध्ये त्यातली शेवटची मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्यांचा पंप इंजिनाला चिकटलेला, कॅमशाफ्टवर चालणारा, आत रबरी पडदा. घाट चढताना इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला ती ओढता यायची नाही आणि गाडी बंद. मग ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे. भोर घाटात हे दृश्य माझ्या बाबांनी कितीदा पाहिलंय. तुमच्याकडे तशी जुनी गाडी असेल, तर ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला म्हणजे पडदा फाटून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतंय. तशी गाडी चालवू नका, ऑइल पातळ होऊन बेअरिंग खाल्ली जातात. त्या पंपाला रिपेअर किट येतो, पूर्ण पंप घ्यावा लागत नाही.

आता आपल्या इलेक्ट्रिक पंपाकडे. दोष शोधायचा कसा?

चावी ऑन केल्यावर आवाज अजिबात येत नसेल, तर आधी फ्यूज बघा. मग रिले, म्हणजे पंपाला वीज देणारा विजेवरचा स्विच. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले अगदी त्याच नंबरचा असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा. फुकटात निदान होतं. तरीही आवाज नसेल, तर कुणाला तरी चावी फिरवायला सांगून टाकीवर खालून मुठीने ठोका. ठोकल्यावर पंप सुरू झाला तर मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे आतले कार्बन ब्रश झिजलेत. त्या दिवशी त्यावर घरी याल, पण दुसऱ्या दिवशी भरवसा ठेवू नका.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, दिवसभर मात्र ठीक? मग सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा आणि नंतर सेल्फ मारा. आता पटकन सुरू झाली, तर रात्रभरात लाईनमधला दाब उतरतोय. पंपातला झडपेचा भाग गळत असतो, किंवा कधीकधी दाब ठरावीक ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर किंवा इंजेक्टर.

आणि गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते, थंड झाली की चालू होते, यावरून थेट पंपाला दोष देऊ नका. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर गेला तरी हुबेहूब असंच होतं. बंद पडलेल्या क्षणी प्लगला स्पार्क येतोय का ते मेकॅनिककडून बघून घ्या. स्पार्क आहे आणि पेट्रोल नाही, तरच पंपाकडे वळा. शक्य असेल तर लाईनवर प्रेशर गेज लावायला सांगा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत 3 बारच्या आसपास दाब असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. नुसता आयडलिंगला बघू नका, रेस केल्यावर काटा पडतो का ते बघा. माझी गाडी घराखाली छान चालायची, पुलावर मरायची, ती याचमुळे.

आता तो मुद्दा, नवी असेंब्लीही लवकर का दमली असती. कारण अर्थिंग, म्हणजे पंपाची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असते तो जोड.

आमच्या भांडुपच्या मेकॅनिक काकांनी मागची सीट उचलली, पंपाचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, उघडा केला आणि गाडी चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट. पंपाच्या दोन टोकांवर 11.4. मधले 2.4 व्होल्ट कुठे गेले? त्यांनी मीटरची एक पिन पंपाच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं होतं. आले 2.1. म्हणजे वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते, तो जोड गंजलेला.

साधा हिशोब आहे. पंप समजा 5 अँपिअर करंट घेतो. जोडात अर्ध्या ओहमपेक्षाही कमी अडथळा असला, तरी दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. पंपाला वीज कमी, म्हणून वेग कमी, म्हणून दाब कमी. आणि तो जोड तापतो, कपलरचं प्लास्टिक वितळतं. आमचा कपलर एका बाजूने तपकिरी झाला होता.

ही गाडी 26 जुलै 2005 ला कुर्ल्याला एलबीएस रोडवर अडकली होती. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी सीटपर्यंत आलं होतं, बाबा गाडी सोडून कमरेभर पाण्यातून चालत घरी आले. त्यानंतरही दर पावसाळ्यात गालिच्याखाली ओल असतेच. मुंबईत दमट हवा, खारं वारं आणि तुंबलेलं पाणी, यांतून जुन्या गाडीचा एकही अर्थिंग बोल्ट सुटत नाही. म्हणून पंप विकत घ्यायच्या आधी तो बोल्ट काढा, सँडपेपरने चकचकीत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. काकांनी एवढं केल्यावर पंपाला 13.3 व्होल्ट मिळायला लागले. गाडी लगेच सुधारली. मला वाटलं, सुटलो. पण कुईं आवाज तसाच होता आणि रेस केल्यावर दाब अजूनही पडत होता. इतके महिने कमी विजेवर आणि कमी पेट्रोलवर चालून मोटर खरोखरच संपली होती.

मोटर आणायला कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. जुनी मोटर सोबत नेली, फडक्यात गुंडाळून. हे नक्की करा. मॉडेल सांगून चालत नाही, लांबी, नळीचं तोंड, कपलरच्या पिना, सगळं शेजारी ठेवून जुळवावं लागतं. नामांकित कंपनीची मोटर 950 रुपयांना मिळाली, जाळी 120, झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, 60, नळीच्या क्लिपा 70. काकांची मजुरी 500. एकूण 1,700. दुकानात 400 रुपयांचीही मोटर होती. घेऊ नका. तिच्यासाठी पुन्हा पूल आणि पुन्हा टो. भंगारातली वापरलेली मोटरही नको, ती किती चालली आणि किती वर्षं कोरडी पडून होती कुणाला माहीत. सांगाडा तुटला असेल तर मात्र भंगारातून सांगाडा जरूर घ्या आणि त्यात नवी मोटर बसवा.

बसवताना घाई करू नका. हे पेट्रोल आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, दूरची ठिणगीसुद्धा तिला पुरते. बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम नको. शेजारी वडापावची गाडी असेल तिथेही नको. आम्ही कॉलनीच्या मैदानात केलं, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवून. आधी इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा. इंजिन आपोआप बंद पडेल आणि लाईनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टाकी जवळजवळ पाव असू द्या. सँट्रोसारख्या काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण मिळतं, काहींत टाकीच उतरवावी लागते. टाकी उतरवायची असेल, तर घरी करू नका, मेकॅनिकला पैसे द्या.

झाकण उघडण्यापूर्वी आजूबाजूची धूळ ब्रशने आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर वीस वर्षांची माती टाकीत. झाकणाची रिंग अडकली असेल, तर लोखंडी छिन्नी-हातोडा नको, ठिणगी उडते. लाकडाचा ठोकळा वापरा. पंप बाहेर काढताना तिरका करून काढा, फ्लोटची तार नाजूक असते.

दोन चुका अगदी सर्रास होतात. मोटरपासून झाकणापर्यंतची छोटी नळी तुटली, की लोक बाहेरच्या लाईनची साधी पेट्रोल नळी कापून लावतात. ती आतून पेट्रोल सहन करते, बाहेरून बुडून राहायला बनलेली नसते. फुगते, मऊ पडते, निसटते. टाकीत बुडवायची नळी वेगळी मिळते, तीच मागा. हल्ली पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुन्या रबराला ते आणखी त्रास देतं. दुसरी चूक, आतल्या वायरी पिळून वर चिकटपट्टी. टेपचा डिंक पेट्रोलमध्ये विरघळतो आणि तो लगदा थेट तुमच्या नव्या जाळीवर बसतो. मूळ कपलर वापरा.

ओ-रिंग नवीनच लावा. आणि बाहेर टेबलावर मोटर 'चालते का बघू' म्हणून कोरडी फिरवू नका.

सगळं बसल्यावर बॅटरी जोडा, चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, सेल्फ मारू नका. झाकणाभोवती बोट फिरवून बघा, वास घ्या. ओल दिसली तर सगळं पुन्हा उघडायचं. ओल नसेल तरच सेल्फ मारा, दहा मिनिटं चालू ठेवा, पुन्हा बघा, आणि मग सीट बसवा. वेगळा फ्युएल फिल्टर असलेली गाडी असेल तर तोही याच दिवशी बदला, जुना फिल्टर नव्या मोटरवर तोच भार टाकत राहतो.

(जुनी जाळी कॅमेऱ्याजवळ.)

ही आमची जुनी जाळी. मूळ रंग पांढरा होता. आम्ही काढली तेव्हा ही काळपट तपकिरी आणि चिकट होती, अर्धी भोकं बंद. गेल्या रविवारी आईला घेऊन पुन्हा परळला गेलो. अमर महलचा पूल तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. आई खिडकीतून बाहेर बघत होती, तिला काही कळलंसुद्धा नाही.