कुलूपबंद घरांवरचा कर

घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या की शहराशहरांत एक मागणी हमखास पुढे येते: रिकाम्या घरांवर कर लावा. सभेत टाळ्याही पडतात, कारण तो कर दुसऱ्या कुणीतरी भरायचा असतो. पण नीट ऐकलं तर त्या सभेत तीन वेगळ्या माणसांवर राग निघत असतो. घर घेऊन कुलूप ठोकून बसलेला पहिला. वर्षातून महिनाभर सुट्टीला येणारा, दुसऱ्या घराचा मालक, हा दुसरा. आणि आज घेऊन आठ महिन्यांत नफा घेऊन विकणारा तिसरा. एका कराने तिघेही सापडत नाहीत. तिसऱ्याच्या घरात तेवढे आठही महिने भाडेकरू असू शकतो. दुसऱ्याने ते घर तीस वर्षांत विकायला काढलेलं नसतं. म्हणून ठराव मांडण्याआधी पहिला प्रश्न हा, की आपल्याला यातला नेमका कोण पकडायचा आहे.

आज मी मुख्यतः कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताबद्दल बोलणार आहे, कारण तिथे हे तिन्ही प्रकारचे कर शेजारी शेजारी चालू आहेत आणि कुठला कुठे अडखळतो ते दिसतं.

सुरुवात तिथल्या व्हँकूव्हर शहरापासून. घरं रिकामी आहेत असं सगळेच म्हणत होते. किती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. शहराने विजेच्या वापराची आकडेवारी तपासून घेतली. माणसं राहत असली की वापर दिवसभरात वरखाली होतो. कुलूपबंद घरात फ्रिज आणि हीटर चालू असले तरी रेघ जवळजवळ सपाट राहते. २०१६ मध्ये आलेल्या त्या अहवालात २०१४ साली सुमारे १०,८०० घरं वर्षभर रिकामी असल्याचं निघालं. लोकांच्या डोळ्यांपुढे होते परदेशी मालकांचे बंद बंगले. निघाले बहुतांश इमारतींतले फ्लॅट. आणखी एक गैरसोयीची गोष्ट म्हणजे एकूण घरांमधलं त्यांचं प्रमाण २००२ पासून फारसं वाढलेलंच नव्हतं. म्हणजे रिकामी घरं होती, पण किमती भडकण्याचं तेवढंच कारण मानणं चूक होतं. हा आकडा हाताशी असूनही वादात तो सोयीपुरताच वापरला गेला, दोन्ही बाजूंनी.

प्रांताने कायदा बदलून अधिकार दिला आणि २०१७ या वर्षापासून शहराने रिकाम्या घरांवर मूल्यांकनाच्या १ टक्का कर लावला. त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. घर राहतं आहे की रिकामं, हे शोधायला महापालिकेचा माणूस दारोदार फिरत नाही. प्रत्येक निवासी मालमत्तेच्या मालकाने दर वर्षी घोषणापत्र भरायचं, मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीची. वर्षात किमान सहा महिने ते कुणाचं तरी मुख्य राहतं घर असलं पाहिजे, किंवा भाड्याने दिलेलं पाहिजे. आणि भाड्याचा प्रत्येक काळ सलग ३० दिवसांपेक्षा कमी चालत नाही. ही ३० दिवसांची अट पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने खोल्या देणाऱ्यांसाठी आहे. घोषणापत्रच भरलं नाही तर घर रिकामं धरलं जातं, वर २५० डॉलर दंड.

म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. यात ताकद आहे आणि धोकाही आहे. ताकद अशी की खोटं बोलायला आता सही करावी लागते, आणि पुढे तपासणीत भाडेकरार, वीजबिल, विम्याची कागदपत्रं, प्राप्तिकराच्या विवरणातला पत्ता असं सगळं मागता येतं. धोका टोरोंटोने दाखवला. २०२४ च्या वसंतात तिथे दीड लाखाहून जास्त मालकांची घोषणापत्रं आलेलीच नव्हती. स्वतःच्या घरात रोज झोपणाऱ्या, त्यातही म्हाताऱ्या आणि इंग्रजी कमी येणाऱ्या लोकांच्या हातात हजारो डॉलरची बिलं पडली. महापौरांना जाहीरपणे दुरुस्तीचं आश्वासन द्यावं लागलं, दंड माफ करावे लागले. कर चुकीचा होता म्हणून हे घडलं नाही. घोषणापत्राचं पत्रक नेहमीच्या टपालात हरवलं, मुदतीची सवय झालेली नव्हती, आणि ‘भरलं नाही म्हणजे रिकामं’ हा नियम तसाच यंत्रात बसवलेला होता. बिल काढण्यापूर्वी दोन स्मरणपत्रं आणि एक फोन एवढा खर्च केला असता तर शहराची अब्रू वाचली असती.

प्रांताचा स्वतंत्र कर २०१८ पासून आहे. त्याचं नावच सट्टा आणि रिक्तता कर. तिथे तर प्रत्येक सहमालकाने वेगळं घोषणापत्र भरायचं. नवऱ्याने भरलं म्हणजे बायकोचं झालं असं होत नाही, आणि दर वर्षी याच ठिकाणी लोक चुकतात. मुदत ३१ मार्च.

याउलट मेलबर्नचा मार्ग. तिथे २०१८ पासून रिकाम्या घरांवर कर आहे, पण सगळ्यांनी काही भरायचं नाही. ज्याचं घर रिकामं होतं त्यानेच ठरलेल्या मुदतीत कळवायचं. सामान्य माणसाला त्रास शून्य. पण आपण होऊन कळवण्याचा मोह कुणाला होणार? सरकारला मग पाणी आणि विजेच्या नोंदी चाळत बसावं लागतं. माझं मत विचाराल तर सर्वांनी घोषणा करायची पद्धतच टिकाऊ आहे. मात्र पहिली दोन वर्षं चुकलेल्याला दंडाऐवजी फोन गेला पाहिजे.

आता व्याख्येकडे येऊ, कारण खरी भांडणं तिथेच होतात. वेल्समध्ये घरपट्टीवर जादा आकार लावायचा अधिकार स्थानिक परिषदांना २०१७ पासून आहे. एप्रिल २०२३ पासून तो ३०० टक्क्यांपर्यंत नेता येतो. तिथे ‘दीर्घकाळ रिकामं घर’ आणि ‘दुसरं घर’ यांच्यामधली सीमा ठरते फर्निचरवर. वर्षभर कुणी राहत नाही आणि आत सामानसुमान जवळजवळ नाही, तर रिकामं. पलंग-टेबल आहे पण कुणाचं मुख्य घर नाही, तर दुसरं घर. दोन्हींचा आकार वेगळा ठेवला की चार जुन्या खुर्च्यांवर अपील सुरू होतं. म्हणून शहाण्या परिषदा दोन्ही दर सारखे ठेवतात.

वेल्सची दुसरी पळवाट याहून मोठी होती. दुसरं घर सुट्टीच्या भाड्याचा व्यवसाय म्हणून नोंदवलं की ते घरपट्टीतून निघून व्यवसाय कराच्या यादीत जायचं, आणि लहान व्यवसायांच्या सवलतीमुळे अनेकांचं बिल शून्यावर यायचं. त्यासाठी वर्षात ७० दिवस भाड्याने गेलं की पुरे होतं. कोणीही कुटुंब एक उन्हाळा सांभाळून हे साधू शकत होतं. एप्रिल २०२३ पासून ही अट १८२ दिवसांची झाली, शिवाय घर २५२ दिवस उपलब्ध असलं पाहिजे. यावर खरे व्यावसायिकही ओरडले, आणि त्यांच्या ओरडण्यात तथ्य आहे: समुद्रकाठच्या पावसाळी गावात १८२ रात्री भरणं सोपं नाही.

दुसऱ्या घरांच्या बाबतीत भूगोलाला फार महत्त्व आहे. ब्रिटिश कोलंबियाने फेब्रुवारी २०१८ मध्ये कर जाहीर केला तेव्हा गल्फ बेटं आणि पार्क्सव्हिल, क्वालिकम बीच ही सुट्टीची गावंही त्यात होती. महिनाभरातच ती वगळली. वेस्ट केलोना हे तळ्याकाठचं शहर वगळलं नाही, आणि तिथला वाद मग वर्षभर पेटत राहिला: शेजारच्या तळ्याकाठी सूट आणि आम्हाला का नाही? २०२४ पासून पार्क्सव्हिल आणि क्वालिकम बीच पुन्हा यादीत आले. यावरून दिसतं की यादी राजकीय दबावाने ठरवली तर ती दर दोन वर्षांनी उघडावी लागते. भाड्याची घरं किती मोकळी आहेत आणि स्थानिक पगाराच्या तुलनेत भाडं किती आहे, असे दोन आकडे आधी लिहून ठेवले आणि ते ओलांडले की गाव आपोआप यादीत, असं करता येतं. मात्र बहुतेक ठिकाणच्या पुढाऱ्यांना यादी हातात ठेवणं आवडतं.

आणि काही दुसरी घरं राहण्यालायक नसतातच. हिवाळ्यात पाण्याचे नळ बंद करावे लागतात अशी लाकडी घरं, फक्त होडीने जाता येणारी घरं. त्यांच्यावर कर लावून एकही भाडेकरू आत जाणार नाही. होडीने किंवा विमानानेच पोहोचता येणारी बेटं प्रांताने वगळली, ते योग्यच होतं.

दराचा हिशेब कागदावर मांडून पाहा. समजा घर १० लाख डॉलरचं आहे. भाड्याने दिलं तर खर्च वजा जाता ३ टक्के, म्हणजे ३०,००० मिळतील. मालक ते सोडून कुलूप लावतो, कारण किंमत वर्षाला ६ टक्के वाढते आहे: ६०,०००. आता १ टक्का कर लावला, १०,०००. जो माणूस ३०,००० वर पाणी सोडून बसला आहे तो आणखी दहासाठी हलेल का? तेजीत नाही हलणार. किंमत वाढणं थांबलं की मात्र तोच दर बोचू लागतो, कारण आता बुडालेलं भाडं आणि कर मिळून वर्षाला ४०,००० चं निव्वळ नुकसान होतं. ३ टक्क्यांवर आलात की भाडं आणि कर मिळून ६०,००० होतात आणि तेजीतला नफाही संपतो. व्हँकूव्हरचा दर याच रस्त्याने गेला: १ टक्का, २०२० साठी १.२५, २०२१ साठी ३. पुढे २०२३ साठी ५ टक्के ठरले होते, पण नव्या नगरसभेने ते मागे घेऊन ३ वरच ठेवले. प्रांताचा कर सौम्य होता: कॅनडाच्या नागरिकांना अर्धा टक्का, परदेशी मालक आणि ज्यांचं निम्म्याहून जास्त कौटुंबिक उत्पन्न कॅनडात करपात्र दाखवलेलं नाही अशांना २ टक्के. २०२६ पासून ते अनुक्रमे १ आणि ३ झाले.

टक्का कशाचा, हेही पाहा. फ्रान्समध्ये रिकाम्या घरांवर पहिल्या वर्षी १७ आणि पुढे ३४ टक्के कर आहे. आकडा ऐकून दचकायला होतं, पण तो किमतीवर नाही, सरकारी नोंदीतल्या वार्षिक भाडेमूल्यावर आहे, आणि त्या नोंदी मुळात १९७० च्या आहेत. तरीही १९९९ साली हा कर दोन लाखांवर लोकसंख्येच्या शहरी भागांत आला तेव्हा तिथलं रिकाम्या घरांचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं, आणि त्यातली बहुतेक घरं राहती झाली. एवढाच परिणाम धरा. शंभरातली तेरा कुलुपं उघडणं ही चांगली गोष्ट आहे, पण त्याने शहराचा घरांचा प्रश्न सुटत नाही.

राहिला झटपट विकणारा. ब्रिटिश कोलंबियात १ जानेवारी २०२५ पासून ३६५ दिवसांच्या आत विकलं तर नफ्याच्या २० टक्के, नंतर दर दिवसागणिक उतरत ७३० व्या दिवशी शून्य. दीड वर्षाने विकलं तर साधारण १० टक्के. इमारत पूर्ण होण्याआधी बुकिंगचा करार दुसऱ्याला विकला तरी लागतो. विक्रीनंतर ९० दिवसांत विवरण भरायचं. कॅनडाच्या केंद्र सरकारचा २०२३ पासूनचा नियम याच्या वर वेगळा: वर्षाच्या आत विकलेल्या घराचा नफा धंद्याचं उत्पन्न धरला जातो. मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं, बदली यांना सूट आहे, आणि ती असायलाच हवी.

सिंगापूर हाच उद्देश वेगळ्या तऱ्हेने साधतं. जुलै २०२५ पासून तिथे घेतलेलं घर पहिल्या वर्षात विकलं तर १६ टक्के, मग १२, ८, ४. पण नफ्यावर नव्हे, विक्रीच्या किमतीवर. तोट्यात विकणाराही भरतो. क्रूर वाटेल, पण वसुली सोपी आहे. नफ्यावर कर ठेवला की नूतनीकरणाची बिलं फुगतात आणि प्रत्येक फाइल हिशेब तपासनीसाकडे जाते. किमतीवरच्या करात भांडण उरतं फक्त तारखेचं. दोन्हींत एक दोष समान आहे: विकायला तयार असलेली घरं मुदत संपेपर्यंत बाजारात येत नाहीत. हाँगकाँगने असाच कर २०१० मध्ये आणला आणि बाजार बसल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून टाकला. चढत्या बाजारासाठी आणलेला कर उतरत्या बाजारात काय करेल, हे कलम पहिल्याच दिवशी लिहिलेलं बरं.

कागदपत्रांचं ओझं किती चालेल याचा अंदाज कॅनडाच्या केंद्र सरकारला आला नाही. २०२२ पासूनच्या त्यांच्या कमी वापरातल्या घरांवरच्या करात, एक पैसाही देणं नसलेल्या अनेक कॅनेडियन कंपन्यांना आणि न्यासांना विवरण भरावं लागत होतं, न भरल्यास दंड हजारो डॉलरचा. मुदत दोनदा पुढे ढकलली, दंड कमी केला, आणि अखेर २०२५ च्या अर्थसंकल्पात करच रद्द करण्याचा प्रस्ताव आला.

पैशाबद्दल थोडक्यात. व्हँकूव्हर खर्च वजा जाता उरलेली रक्कम परवडणाऱ्या घरांसाठी वापरतं. पण कर यशस्वी झाला तर ही रक्कम घटत जाते, म्हणून त्यावर पगार किंवा कायमचं अनुदान बांधू नये. जमीन घेणं, इमारत दुरुस्त करणं असा एकवेळचा खर्चच त्यातून करावा. वार्षिक अहवालात वसुलीच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: मागच्या वर्षी रिकामी घोषित झालेली किती घरं यंदा भाड्याने गेली, किती विकली गेली, आणि किती मालक कर भरून तसेच बसले.

लहान गावाने हे एकट्याने करू नये. चार हजार घरं, त्यात दोनशे दुसरी घरं. घोषणापत्रांची संगणक यंत्रणा, दोन कारकून, एक तपासनीस आणि अपिलांचा वकील यांतच पहिल्या दोन वर्षांची वसुली संपेल. प्रांताच्या किंवा राज्याच्या यंत्रणेवर स्वार होऊन आपल्या वाट्याची रक्कम मागावी, आणि ती कधी व किती येईल हे करारात लिहून घ्यावं.